धारगळचा टिकी-मांगर

कृष्णनाथ हळर्णकर हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीचं नाव सरस्वती, पण आम्ही भावंडं तिला बाय म्हणतो. गोव्यात धारगळला त्यांच्या घरी कुणी नवीन माणूस आला की चहाच्या आधी त्याला मांगर दाखवायची पद्धत होती. आमच्याकडे मांगर म्हणजे घराशेजारची शेड. नारळ, गवत, मोडकी अवजारं ठेवायची जागा. भावोजींच्या मांगरात नारळ नव्हते. तिथं तीन भिंतींना फळ्या ठोकलेल्या होत्या आणि फळ्यांवर तोंडं मांडलेली होती. बहुतेक चिनीमातीची, काही लाकडाची. बटबटीत डोळे, कपाळापर्यंत चढलेल्या भुवया, दात विचकलेले. हसतात की ओरडतात ते कळायचं नाही. ते पेले होते. डोक्याच्या जागी उघडे, वरून पेय ओतायचं आणि प्यायचं. भावोजी त्यांना कोप म्हणत. आमच्या बोलीत काचेच्या पेल्याला कोप म्हणतात, पोर्तुगीजांच्या वेळेपासून.

मी मयेचा. प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. भावोजींबद्दल लिहावं असं त्यांच्यात काय आहे, असं मला घरातल्यांनीच विचारलं. मोठं काहीच नाही. एका माणसाला एका गोष्टीचा नाद लागला, आणि पुढे तो नाद त्याला सांभाळता येईना आणि सोडताही येईना, एवढंच.

भावोजी पंच्याहत्तर साली बार्देशच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात लागले. आधी ग्लास धुवायला, मग टेबलांवर, मग बारच्या मागे. स्वतः दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. पाहुणा प्याला की खरं बोलतो आणि त्या वेळी समोरचा शुद्धीवर असला पाहिजे, असं ते म्हणत. पंधरवड्यातून एकदा घरी यायचे, हातात म्हापशाच्या बाजारातली पिशवी.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात त्यांचा पहिला मुलगा प्रज्योत तापाने गेला. चार वर्षांचा होता. ताप डोक्यात चढला आणि तिसऱ्या दिवशी संपलंच सगळं. नाताळचा सीझन, हॉटेल गच्च भरलेलं. निरोप पोचला होता, पण कुणीतरी तो चिठ्ठीवर लिहून ठेवला आणि ती चिठ्ठी भावोजींच्या हाती पडली दुसऱ्या दिवशी सकाळी. ते धावत आले तेव्हा मधल्या खोलीतली बाज भिंतीला उभी करून ठेवलेली होती. मी तिथंच होतो. त्यांनी बाजेकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि विहिरीवर जाऊन पाय धुतले. खूप वेळ धूत राहिले. पुढे बाय त्या पोराबद्दल बोलायला लागली की ते उठून अंगणात जायचे. त्यांच्या तोंडून त्याचं नाव मी फार वर्षं ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी हॉटेलवाल्यांनी नवा बार काढला. नाव टिकी बार. मुंबईहून माणसं आली, त्यांनी भिंतींना बांबू लावले, छताला झावळ्या बांधल्या, मासेमारीची जाळी आणि काचेचे गोळे टांगले. दारात सहा फुटी लाकडी पुतळा उभा केला, तसाच दात विचकलेला. खोक्यांतून तोंडांचे कोप आले. बारवाल्यांना मोठ्या फुलांचे शर्ट मिळाले. पहिल्या दिवशी तो शर्ट घालून बाहेर यायची भावोजींना लाज वाटली. त्याहून जास्त नवल वाटलं ते पाहुण्यांचं. समुद्र शंभर पावलांवर, खऱ्या माडांची रांग समोर, आणि माणसं आत येऊन पंख्याखाली खोट्या माडाच्या सावलीत बसायची!

"गोव्यात येऊन गोवा सोडून तिसऱ्याच गावात बसतंत," ते मला म्हणाले होते.

शहाऐंशीच्या डिसेंबरात गोव्याची राजभाषा कोणती ह्यावरून आंदोलन पेटलं. मी मराठीच्या बाजूचा, सभांना जाणारा. भावोजी दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचे आणि गप्प राहायचे. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या थांबल्या, आणि भावोजी पाच दिवस हॉटेलात अडकले. पाहुणेही अडकले. त्यांतला एक म्हातारा अमेरिकन होता, वॉल्टर नावाचा. तो सकाळी दहालाच बारमध्ये येऊन बसायचा. पीत फारसा नसे. कोप हातात धरून फिरवायचा, खालचा शिक्का बघायचा, परत ठेवायचा. बारमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा दोघांचं बोलणं सुरू झालं. भावोजींचं इंग्रजी हॉटेलातलं, पण ऐकायला पुरेसं होतं.

त्यांनी वॉल्टरला विचारलं, "साहेब, हे टिकी म्हणजे नेमकं काय?"

वॉल्टरने सांगितलं ते असं. पॅसिफिक म्हणून मोठा समुद्र आहे, त्यात बेटं आहेत. तिथले लोक अशी लाकडी माणसं कोरतात. त्यांची नक्कल करून अमेरिकेतल्या कुणीतरी बार काढले. मग महायुद्ध झालं, लाखो पोरं त्या बेटांवर लढायला गेली, आणि परत आल्यावर याच बारांत गर्दी करू लागली. घराघरांच्या तळघरात असे बार झाले. पुढे ते जुनाट झाले, लोकांनी सामान फेकून दिलं. आता आपल्यासारखे काही वेडे ते शोधून शोधून जमवतात.

"तुम्ही गेला होता त्या बेटांवर?" भावोजींनी विचारलं.

"गेलो होतो. एकोणीस वर्षांचा होतो."

"असंच होतं तिथं?"

वॉल्टर हसला. "तिथं चिखल होता, डास होते आणि माझे मेलेले मित्र होते. ह्यातलं काहीच नव्हतं."

"मग हे तुम्हाला का आवडतं?"

वॉल्टरने छताकडे, जाळीकडे, दारातल्या पुतळ्याकडे बघितलं. "कारण इथं काही घडलेलं नाही," तो म्हणाला. "हे बेट कुठंच नाही. म्हणून इथं कुणी मेलेलं नाही."

हे भावोजींनी मला सांगितलं फार वर्षांनी, पण शब्द न् शब्द त्यांना पाठ होता.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात गोवा राज्य झालं. पुढच्या महिन्यात धारगळच्या पोस्टात अमेरिकेचं पार्सल आलं. कस्टमवाल्यांनी फोडून परत सुतळीने बांधलेलं. आत भुश्शात गुंडाळलेला एक हिरवा कोप, लांब कानांचा, आणि वॉल्टरची चार ओळींची चिठ्ठी: माझ्या तळघरातला हा एक, तुझ्याकडे असू दे. भावोजींनी तो देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला. बायने संध्याकाळी दिवा लावताना बघितला आणि किंकाळीच फोडली.

चार वर्षांनी वॉल्टर वारला. त्याच्या बायकोने आणखी सहा कोप पाठवले. त्याच सुमारास हॉटेलाचे मालक बदलले. नव्यांना टिकी बार नको होता. तोडफोड सुरू झाली, कोप पोत्यात भरून कचऱ्यात चालले, तेव्हा भावोजी मॅनेजरसमोर हात जोडून उभे राहिले. मॅनेजर म्हणाला, घेऊन जा, कचरा उचलायची मेहनत तरी वाचेल. टेम्पो धारगळला आला तेव्हा मी तिथं होतो. मागे तो सहा फुटी पुतळा दोरीने बांधलेला. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते.

बाय दारात आडवी उभी राहिली. "हीं भुतां माका घरात नाका."

"घरात नाय गो. मांगरात ठेवतंय."

"मांगर घराचोच ना? की शेजाऱ्यांचो?"

"दोन दिवस बघ. भय वाटला तर टाकून देतंय."

दोन दिवसांनी बायने मांगराच्या दारावर लिंबू-मिरची बांधली, आणि तो त्यांचा तह झाला. मुलगी सिद्धी तेव्हा चार वर्षांची होती. तिला भीती नावाची गोष्टच नव्हती. तिने तोंडांना नावं दिली. पुतळ्याला दांतो, एका सुजलेल्या गालांच्या कोपाला गुरुदासमामा. तो कोप खरंच माझ्यासारखा दिसायचा, हे मला कबूल करावं लागलं.

पुढची वीस वर्षं भावोजींचा मांगर वाढत गेला. हणजुणच्या बाजारात, हरमलला, परत जाणाऱ्या गोऱ्यांच्या उरल्यासुरल्या सामानात ते कोप शोधायचे. परदेशातले जमवणारे पत्रं लिहायचे, अदलाबदल करायचे. महामार्गावर वळणापाशीच घर, त्यामुळे किनाऱ्यावरून उत्तरेकडे जाणारे कुणी कुणी मुद्दाम थांबायचे. भावोजी सगळ्यांना बांबूच्या बाकावर बसवून कोपातून सोलकढी द्यायचे. दारू मांगरात कधीच नव्हती. सोलकढीचा गुलाबी रंग त्या हिरव्या-तपकिरी तोंडांतून वर आलेला बघून गोरे खुळे व्हायचे.

त्यांतला नेमाने येणारा युर्गन नावाचा जर्मन. दर सीझनला महिनाभर हरमलला राहायचा. जर्मनीत तो कुठल्याशा कचेरीत नोकरीला होता. मी त्याला एकदा विचारलं की ह्यात तुम्हाला काय दिसतं. तो म्हणाला, "आमच्याकडे हिवाळ्यात चारला अंधार पडतो. दिव्याखाली असं एक तोंड ठेवलं की वाटतं, कुठंतरी ऊन असेल." मग म्हणाला, "आणि खरं सांगू? एक मिळालं की दुसरं पाहिजे असतं. त्याला कारण नाही."

भावोजींना मात्र कारण होतं. निवृत्त झाल्यावर ते रोज चार ते सहा मांगरात बसत. फडक्याने एकेक कोप पुसत. एका दुपारी मी शेजारी बसलो होतो. बाहेर ट्रक जात होते. मी थट्टेने म्हटलं, "भावोजी, इथं बसून करता काय रोज?"

तेव्हा त्यांनी वॉल्टरची ती गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "त्या घरात प्रत्येक कोनाड्यात काय ना काय घडलेलां आसा, गुरुदास. मधल्या खोलीत माका अजून बसूक येणा नाय. हांगा येऊन बसलंय की बरां वाटता. हांगा काय घडलां नाय."

मधल्या खोलीची खिडकी मांगरातून दिसत होती. त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा केली नाही.

दोन हजार तेराच्या जानेवारीत युर्गन एका बाईला घेऊन आला. पन्नाशीची, धिप्पाड, सावळी, केस मोकळे. नाव हाना. न्यूझीलंडची शिक्षिका, हरमलला त्याच्या शेजारच्या खोलीत उतरलेली. युर्गनने तिला सांगितलं होतं, चल, एक गंमत दाखवतो. त्या दिवशी मीही होतो, बायच्या हातचं खतखतं, आमच्याकडची मिश्र भाजी, खायला गेलो होतो.

भावोजींनी दरवाजा उघडला. हाना आत गेली आणि तिथंच थांबली. पाहुणे नेहमी हसायचे, ओरडायचे, फोटो काढायचे. ती काहीच बोलेना. भावोजींना वाटलं आवडलं. त्यांनी लगबगीने वॉल्टरचा हिरवा कोप काढला, सोलकढी भरली आणि तिच्यापुढे धरली.

तिने कोप घेतला नाही. मागे हात बांधले. मग तिने दांतोकडे बोट केलं. "हा कुणी कोरला?"

"मुंबईच्या सुताराने," भावोजी म्हणाले.

"त्याला कुणाचा म्हणून कोरला ते ठाऊक होतं?"

भावोजींना प्रश्नच कळला नाही. तेव्हा ती बाकावर बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. ती तिथल्या माओरी लोकांपैकी, ज्यांची ती मूळ भूमी. टिकी म्हणजे त्यांच्यात पहिला माणूस, सगळ्यांचा मूळपुरुष. त्यांच्या गावात सभेचं घर असतं, त्याच्या खांबांवर पूर्वज कोरलेले असतात. कुणाचा कोण ते मुलांना शिकवलं जातं. तिची आजी गळ्यात हिरव्या दगडाचा टिकी घालायची. तिच्या आधी तिच्या आजीने घातलेला. आजी वारली तेव्हा तो तिच्या छातीवर ठेवला होता.

"लहानपणी शहरात एका दुकानात मी असा पेला पहिल्यांदा बघितला," ती म्हणाली. "आईने माझे डोळे झाकले. मला तेव्हा कळलं नाही का."

युर्गन चुळबुळला. "हे गमतीसाठी आहे, हाना. त्या बेटांशी ह्याचा संबंधच नाही."

"मला माहीत आहे. म्हणूनच."

भावोजींच्या हातात तो भरलेला कोप तसाच होता. ते म्हणाले, "बाई, मला माहीत नव्हतं."

"तुमच्यावर मी रागावलेली नाही," ती म्हणाली, आणि खरंच तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं भावोजी पुढे मला कितीदा म्हणाले. तिने विचारलं, "तुमच्यात मेलेल्या माणसाचा फोटो घरात ठेवतात ना?"

"ठेवतात. हार घालून."

"मग तुम्हाला कळेल." एवढं बोलून ती उठली, बायला नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली.

भावोजींनी सोलकढी परसात ओतली. कोप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. चार वाजले तेव्हा मला वाटलं आता बसतील, पण ते ओटीवरच राहिले. प्रज्योतचा फोटो मधल्या खोलीत होता, हार घातलेला. तीस वर्षांत त्या बाजूला न बघणारा माणूस त्या संध्याकाळी दारात उभा राहून त्या फोटोकडे बघत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मांगरातपण घडलेलांच आसा, गुरुदास. माका कोणी सांगूक नाय इतकाच."

त्या दिवसापासून कोपातून कुणाला काही दिलं नाही. पाहुणे आले की स्टीलच्या पेल्यातून सोलकढी. गोरे हिरमुसायचे, येईनासे झाले. पण करायचं काय? टाकायचे तर कचऱ्यात टाकायचे का? कुणाचा तरी बाप आहे असं ऐकल्यावर? आणि ठेवायचे तर कशासाठी?

ते गावच्या भटजींकडे गेले. मीच सोबत होतो. भटजी म्हणाले, "मूर्ती भंगली तर विसर्जन असतं. पण जिची प्रतिष्ठाच झाली नाही तिचं विसर्जन कसलं? कोपच ते. नको असतील तर टाका."

"टाकवत नाय."

"मग ठेवा."

"ठेववत पण नाय."

भटजी हसले, मग भावोजींचा चेहरा बघून हसायचे थांबले. "कृष्णनाथा, माझ्या पोथीत ह्याला विधी नाही रे," ते म्हणाले.

युर्गन दुसऱ्या सीझनला आला. म्हणाला, तुम्हाला त्रास होतो ना, मग सगळं मी नेतो.

"नेऊन काय करशील?" भावोजींनी विचारलं.

"मांडीन. मित्र येतील. पिऊ."

"मग नको."

युर्गनचा चेहरा पडला. "पंधरा वर्षं मी ह्याच कोपांतून पीत होतो, कृष्णा. तूच ओतत होतास." त्यात खोटं काही नव्हतं. युर्गन परत धारगळला आला नाही.

सिद्धीने युर्गनकडून हानाचा पत्ता आधीच घेतला होता. शेवटी त्या पत्त्यावर तिने वडिलांचं पत्र इंग्रजीत लिहून पाठवलं. सिद्धी तोवर तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर होती. पत्रात भावोजींनी विचारलं होतं: हे सगळं तुमच्या गावी पाठवू का? तुमच्या लोकांनी जे करायचं ते करावं. उत्तर आलं आठ महिन्यांनी. हानाने गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं होतं. त्यांनी बराच विचार केला. पत्रातला तो भाग सिद्धीने मोठ्याने वाचला: "ते म्हणतात, हे आमच्या हातचं नाही, कुठल्याशा कारखान्यात झालेलं आहे, म्हणून आम्हाला परत घेता येत नाही. पण चेहरे आमचेच आहेत, म्हणून काहीही करा असंही सांगता येत नाही. मला माफ करा, मी तुम्हाला मदत करू शकले नाही."

"परत वाच," भावोजी म्हणाले. तिने परत वाचलं.

ह्यानंतर महामार्ग रुंद व्हायचं ठरलं. मोजणीवाले आले, मांगराच्या भिंतीवर आणि ओटीच्या खांबावर लाल रंगाने आकडे लिहून गेले. मांगर जाणार, ओटी जाणार, मधली खोली राहणार. भावोजी अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने नीट ऐकून घेतलं, चांगला माणूस होता. त्याने विचारलं, "मांगरात दुकान आहे?"

"नाही."

"देऊळ? घुमटी?"

"नाही."

"मग काय आहे?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "संग्रह आहे." कारकुनाने फॉर्म उलटसुलट केला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याला रकाना नाही. मी 'इतर' लिहितो." त्याने 'इतर' लिहिलं.

मे महिन्यात एका सकाळी जेसीबी आला. सिद्धीने कारखान्यातून रिकामी खोकी आणली होती, ती पुरली नाहीत. अर्धे कोप फणसाखाली ताडपत्रीवर मांडले. दांतो कुणाला उचलेना. भावोजी जेसीबीवाल्याला म्हणाले, "बाबा, ह्याला आपटू नको." त्याने बिचाऱ्याने दांतोला बकेटमध्ये आडवा घेतला, लहान मुलाला न्यावं तसा हळू नेला आणि फणसाला टेकवून उभा केला. मग परत येऊन मांगर पाडला. पंधरा मिनिटं लागली असतील. बाय पदराने नाक धरून उभी होती, धुळीमुळे. ज्या मांगरावर तिने लिंबू-मिरच्या बांधल्या तो पडताना तीच रडली. भावोजी रडले नाहीत.

रस्त्याच्या कामावर कोल्हापूर आणि बेळगावकडची माणसं होती. रस्त्याकडेला पत्र्याच्या खोपट्यांत राहायची. त्यांतली एक बाई दुपारी पाणी मागायला आली. नंदा नाव, चंदगडकडची. कडेवर पोरगी. पाणी पिऊन झाल्यावर तिची नजर ताडपत्रीकडे गेली.

"दादा, ह्यातलं एखादं द्या की. कानतुटकं असलं तरी चालंल. पोरीला पाणी प्यायला."

भावोजी गडबडले. "ते... त्यातून पीत नाहीत."

"का? इख हाय का त्यात?"

"तसं नाही. ते कुणाचे तरी... ते बाप आहेत. दुसऱ्यांचे."

नंदाने त्यांच्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "नसंल द्यायचं तर नाय म्हणा, दादा. गरिबाला असं येड्यात काढू नगा."

भावोजी तडक आत गेले आणि लग्नातले दोन स्टीलचे पेले घेऊन आले, बायचं नाव कोरलेले. नंदाने ते घेतले नाहीत. "चांगली भांडी नगो. चोरली म्हणतील," असं म्हणून ती गेली. पोरगी तिच्या खांद्यावरून त्या तोंडांकडे बघून हसत होती, हात हलवत होती. भावोजी पेले हातात घेऊन उन्हात उभे राहिले, बायने बोलावलं तरी हलले नाहीत.

ही गोष्ट होऊन आता बरीच वर्षं झाली. घर मागे सरकवून बांधलं. दोन खोल्या वाढवल्या, पण मांगराला जागा उरली नाही. दांतोला दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी लागली. सिद्धीने विचारलं, "बाबा, औषध मारूया?" ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. रोज सकाळी जाऊन बघायचे, किती खाल्ला ते. तिसऱ्या पावसाळ्यात तो बसकला, नुसती माती राहिली. सिद्धीचं लग्न झालं, ती पर्वरीला असते. तिच्या फ्लॅटमध्ये खोक्यांना जागा नाही, आणि खरं म्हणजे तिला ती नकोतच. लहानपणी नावं तिनेच ठेवली होती, पण हानाचं पत्रही तिनेच वाचलं होतं.

खोकी माझ्याकडे आहेत, मयेला, माळ्यावर. भावोजी आता पंच्याहत्तरच्या पुढे गेले. गुडघे गेले, तरी दोन-तीन महिन्यांनी बस बदलत बदलत येतात. मी शिडी धरतो, एक खोकं खाली घेतो. ते वर्तमानपत्राची गुंडाळी सोडतात, कोप पुसतात, परत गुंडाळतात. माझ्या घरच्यांना ते खुळं वाटतं. मला काय वाटतं ते मला सांगता येत नाही.

गेल्या चतुर्थीच्या आधी आले होते. काम झाल्यावर ओटीवर बसले. समोर मयेच्या तळ्याकडे जाणारी पर्यटकांची गाडी थांबली होती, माणसं रस्ता विचारत होती. ती गेल्यावर भावोजी म्हणाले, "गुरुदास, माझ्यामागे हेंचा काय करशील?"

मी बहात्तरचा. माझा मुलगा पुण्याला. माळ्याचा एक वासा यंदाच बदलावा लागणार आहे. मी म्हटलं, "बघूया, भावोजी."

ते "हं" म्हणाले आणि चपला शोधू लागले. त्यांची शेवटची बस पाचला असते.